घर सुटलेल्यांचे गाव : विदर्भ महारोगी सेवा मंडळाची वाटचाल

स्वातंत्र्याच्या आगेमागे अमरावतीत दोन प्रकारची नवी माणसे आली. पहिली सिंधमधून आली. फाळणीने घरदार गेलेली ही कुटुंबे ट्रंका, वळकट्या आणि लेकरे घेऊन रेल्वेने उतरली आणि मिळेल त्या आडोशाला राहिली. त्यांच्या वस्तीतून पुढे रामपुरी कॅम्प आणि कंवरनगर उभे राहिले. त्यांच्यासाठी सरकारने स्वतंत्र खाते काढले, छावण्या बांधल्या, शिधा दिला. १९५४ साली तर गमावलेल्या मालमत्तेच्या भरपाईचा कायदाही झाला. अमरावतीकरांना त्यांची भाषा कळत नव्हती, धंद्यातली त्यांची चपळाई काहींच्या डोळ्यांत खुपतही होती. तरी शेजारी म्हणून त्यांना जागा मिळाली आणि दहा-पंधरा वर्षांत त्यांची दुकाने बाजारपेठेत रुळली.

दुसरी माणसे लांबची नव्हती. वऱ्हाडातल्याच खेड्यांतून, काही वर्धा नदीच्या पलीकडून, काही सातपुड्याच्या पायथ्याकडून आली. देशाची सीमा त्यांनी ओलांडली नव्हती, ओलांडली होती ती फक्त गावची शीव. पण परतीची वाट सिंधी माणसाइतकीच त्यांनाही बंद झालेली होती. कोणत्याही सरकारी कागदावर ती निर्वासित ठरली नाहीत, त्यांच्या गेलेल्या वावराची आणि घराची भरपाई कोणी मागितली नाही, आणि शेजार तर त्यांना कोणी देऊच केला नाही. त्यांच्या अंगावर चट्टे होते. या दुसऱ्या माणसांसाठी १९४६ साली अमरावतीत विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापन झाले आणि गावाबाहेरच्या माळावर तपोवन वसू लागले.

विश्वस्तांची नावे, देणग्या आणि इमारतींचा तपशील संस्थेच्या या स्मरणिकेत असायलाच हवा, पण तो या लेखाचा विषय नाही. माझ्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. दवाखाना म्हणून सुरू झालेल्या कामाला गाव का व्हावे लागले? उत्तराची सुरुवात घर सुटण्यापासून करावी लागते.

रुक्मिणीचे माहेर मानल्या जाणाऱ्या कौंडण्यपूरची आम्ही माणसे घर सोडून गेलेल्या लेकीची गोष्ट अभिमानाने सांगतो. रुक्मिणी इथून द्वारकेला गेली म्हणून तर आजही तिच्या नावाची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते, आणि ही प्रथा १५९४ पासूनची मानली जाते. पण कार्तिकातल्या यात्रेला वर्धा नदीच्या घाटावर दहीहंडीसाठी जी गर्दी लोटते, तिच्या वाटेवर फाटक्या पासोडीत, पत्र्याचे डबडे पुढे ठेवून बसलेली एक रांग जुन्या माणसांनी पाहिलेली आहे. देवळाच्या पायरीपासून ही रांग अंतर राखून असे आणि लोक पैसा टाकताना हात वरच धरीत. त्या रांगेतली माणसेही कोणाची तरी माहेरची, सासरची होती. गोष्टीत त्यांना स्थान नव्हते.

घर एका दिवसात सुटत नसे. त्याचा क्रम ठरलेला होता आणि तो वऱ्हाडात, मराठवाड्यात, कोकणात सगळीकडे जवळपास सारखाच होता. आधी पाठीवर किंवा दंडावर फिकट चट्टा दिसे. तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून वर्ष-दोन वर्षे कोणी लक्ष देत नसे. मग चुलीवरचे भांडे उतरवताना बोट भाजले तरी कळत नसे. कानाची पाळी जाड होई, भुवया विरळ होत आणि विहिरीवर कुजबुज सुरू होई. घरात ताटवाटी वायली ठेवली जाई. पुढे झोपायची जागा गोठ्यात, मग वावरातल्या खोपीत. लग्नाच्या बहिणी असल्या की सगळ्यांनाच घाई होई, कारण एका चट्ट्याने साऱ्या घराण्याची सोयरीक मोडे. बाई असेल तर ती माहेरी पाठवली जाई आणि माहेरचे तिला परत आणून सोडीत. शेवटी बहुधा कोणी हाकलतही नसे. रोगी आपणच एखाद्या पहाटे निघून जाई, मागे राहिलेल्यांचे भले व्हावे म्हणून. हाकलून देण्यापेक्षा हे सोयीचे होते, कारण दोष कोणाच्याच माथी येत नसे.

निघालेल्या माणसासाठी कायदा होता, पण तो त्याच्या बाजूचा नव्हता. १८९८ च्या लेपर्स अॅक्टप्रमाणे भीक मागणाऱ्या किंवा चरितार्थाचे साधन नसलेल्या महारोग्याला पोलिसांनी वॉरंटशिवाय धरावे आणि तपासणीनंतर आश्रमात डांबावे अशी तरतूद होती. जिथे सरकारने तसा हुकूम काढला असेल तिथे त्याला खाण्यापिण्याचे किंवा कपड्याचे पदार्थ विकण्यासाठी तयार करता येत नसत, सार्वजनिक विहिरीचे पाणी घेता येत नसे, भाड्याच्या गाडीत बसता येत नसे. गंमत अशी की गाडीच्या या बंदीतून रेल्वेचा डबा वगळला होता. म्हणजे अशा हुकमाच्या मुलखात माणसाने आगगाडीने शंभर मैल यावे आणि स्टेशनाबाहेर टांग्यात पाय ठेवला की गुन्हेगार ठरावे! हा कायदा देशाच्या कायदेपुस्तकातून पुसला गेला तो २०१६ साली.

आसरे अगदीच नव्हते असे नाही. अचलपूरजवळ कोठाऱ्याला मिशनचे कुष्ठरुग्णालय होते. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम उभारले होते. सेवाग्रामात गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या संस्कृत पंडित परचुरेशास्त्रींना आपल्या झोपडीशेजारी ठेवून घेतले आणि त्यांचे अंग स्वतः चोळून दिले. ती गोष्ट विदर्भातल्या कार्यकर्त्यांच्या पिढीवर खोल परिणाम करून गेली. गांधीजींच्या विधायक कार्यक्रमाच्या यादीत पुढे कुष्ठरोग्यांची सेवा आली ती याच अनुभवातून. तपोवनाची मुळे या वातावरणात आहेत. तपोवन ही मंडळाच्या संस्थापकांना एकट्यालाच सुचलेली कल्पना म्हणून सांगणे त्यांच्यावरच अन्याय होईल. त्यांचे वेगळेपण दुसऱ्या गोष्टीत होते.

मंडळाचे संस्थापक डॉ. शिवाजीराव गणेश पटवर्धन यांना अमरावती दाजीसाहेब म्हणून ओळखते. ते स्वतः अमरावतीचे नव्हेत. २८ डिसेंबर १८९२ रोजी त्यांचा जन्म जमखिंडी संस्थानातल्या आसंगी या गावी झाला. कलकत्त्यास होमिओपॅथीचे शिक्षण घेऊन ते वऱ्हाडात आले, अमरावतीत दवाखाना थाटला आणि इथलेच झाले. स्वातंत्र्यलढ्यात पडले, तुरुंग भोगला. म्हणजे दक्षिणेकडच्या एका संस्थानातून येऊन परक्या गावात जम बसवणे काय असते, हे त्यांना स्वतःला ठाऊक होते. फरक इतकाच की त्यांच्या हाती विद्या होती आणि अंग निरोगी होते. त्या काळची अमरावती तर शरीर कमावण्याच्या वेडाने भारलेली होती. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान आखाड्याची, म्हणजे आजच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची, पोरे १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिके दाखवून आली होती. अशा गावात झडलेल्या बोटांच्या माणसांसाठी उभे राहणे हा उलट्या दिशेचा प्रवास होता.

दाजीसाहेबांच्या कामाचे मर्म मला त्यांच्या औषधात दिसत नाही. खरे तर सुरुवातीला कोणाच्याच हाती खात्रीचे औषध नव्हते. कडूकवठाच्या तेलाची इंजेक्शने दिली जात. ती विलक्षण दुखत, गाठी उठत आणि गुण येईलच असा भरवसा नसे. चाळीसच्या दशकात सल्फोन गटातली औषधे आली आणि पन्नासच्या दशकात डॅप्सोनची स्वस्त गोळी आपल्याकडे पोचली. पहिल्यांदाच रोग आटोक्यात येऊ लागला. मात्र ती गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागे, काहींना जन्मभर. आता पाच-सात वर्षे औषध घ्यायचे तर माणसाने राहायचे कुठे, खायचे काय आणि दिवसभर करायचे काय? ज्याला घर आहे त्याला हे प्रश्न पडत नाहीत. तपोवनाला दवाखान्याबरोबर राहुट्या, स्वयंपाकघर, विहीर आणि काम या सगळ्यांची सोय करावी लागली ती इथून.

खरी अडचण त्यानंतर आली. माणूस बरा झाला. जंतू राहिले नाहीत, डॉक्टरांनी तसे लिहून दिले. आता त्याने गावी जावे, अशीच सगळ्यांची समजूत होती. कुष्ठधामांमधून काम केलेल्या कोणालाही विचारा, पुढची हकीकत एकच निघेल. कागद खिशात घालून गेलेली माणसे काही दिवसांत परत येत. गावाला कागद वाचता येत नसे, वाकडी बोटे मात्र दिसत. जंतू मेले तरी मेलेली नस जिवंत होत नाही. हाताचा पंजा झालेला तसाच राहतो, पाय घसटतच चालतो. लोक रोग पाहतात तो या खुणांत. त्यातच भावांनी वावर आपल्या नावे करून घेतलेले असे, बायकोने दुसरा पाट लावलेला असे, आणि सगळ्यांच्या दृष्टीने जो मेला होता तो दारात उभा राहिला की घरातच अडचण होई. म्हणून तो परत तपोवनात येई. या वेळी तो औषधासाठी येत नसे, राहायला येत असे.

माझ्या मते संस्थेच्या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे वळण आहे, आणि ते कोणत्याही एका तारखेला घडलेले नाही. रुग्णालयाच्या हिशेबात बरा झालेला रुग्ण खाटेवर ठेवणे म्हणजे अपयश. मंडळाने ही गोष्ट अपयश मानली नाही. आलेल्यांना परतवण्याचा हट्ट सोडून त्यांना इथेच वसवायचे ठरले. सिंधी निर्वासितांचे सरकारने जे केले, तेच या माणसांचे एका लहानशा लोकसंस्थेने करायचे होते, आणि तेही परक्या मुलखातून नव्हे तर शेजारच्या तालुक्यातून आलेल्यांचे.

वसवायचे म्हणजे कामाला लावायचे. भीक मागायची सवय ही रोगापेक्षा चिवट असते, आणि ती रोग्याला जेवढी लागते तेवढीच दान देणाऱ्यालाही लागते. तपोवनात शेती झाली, हातमाग आले, सुतारकाम सुरू झाले. हे सगळे कागदावर सोपे दिसते. ज्या हाताला स्पर्शच कळत नाही त्या हाताने काम करायचे म्हणजे काय, हे जवळून पाहिल्याशिवाय समजत नाही.

धोटा फेकणाऱ्या विणकराचे उदाहरण घ्या. निरोगी माणूस मुठीत लाकूड धरतो तेव्हा किती जोर लावायचा हे त्याची त्वचा सांगते. बधिर हाताला ते कळत नाही, म्हणून तो गरजेपेक्षा कितीतरी जोराने पकडतो. तळहाताला फोड येतो, फुटतो, त्यात घाण जाते, आणि दुखत नसल्यामुळे माणूस काम थांबवत नाही. चार दिवसांत हाड उघडे पडते. म्हणून अवजारांच्या मुठींना चिंध्या गुंडाळून त्या जाड कराव्या लागतात, ज्यांची बोटे वळत नाहीत त्यांच्या मनगटाला दांडा पट्ट्याने बांधावा लागतो, आणि दर तासाला हात डोळ्यांनी तपासायची सवय लावावी लागते. दुखणे हे शरीराचे राखणदार आहे, आणि या माणसांचा राखणदार पळून गेलेला असतो. डोळ्यांनी त्याची जागा घ्यायची. चहाचा गरम पेला फडक्यात धरायचा, चुलीशी लांब दांड्याचे भांडे वापरायचे, रात्री पाय झाकून निजायचे, कारण बधिर बोट उंदराने कुरतडले तरी सकाळी रक्त दिसेपर्यंत कळत नाही.

पायांचे त्याहून कठीण. रोज संध्याकाळी पाय पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे भिजवायचे, जाड झालेली कातडी वजरीने हलक्या हाताने घासायची आणि ओल टिकावी म्हणून लगेच तेल चोळायचे. वजरी जोरात फिरली तरी दुखत नाही, म्हणून ती बघूनच फिरवायची. ज्या पायाला संवेदना नाही त्या पायाला खिळा लागलेली चप्पल म्हणजे शत्रू. खिळा तळव्यात शिरून दोन दिवस राहिला तरी माणूस चालतच राहतो. यावर उपाय म्हणून मऊ सूक्ष्मछिद्री रबराची, खिळा नसलेली चप्पल निघाली. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तळपायावरच्या दाबाचा अभ्यास केला, आणि त्यानंतर ही एम.सी.आर. चप्पल कुष्ठकार्यात सर्वत्र रूढ झाली. आज सरकारी केंद्रांतही ती मिळते. पुरस्कारांच्या छायाचित्रांत ही चप्पल कधी दिसत नाही, पण किती पाय तिने वाचवले याचा हिशेब केला तर ती कोणत्याही मानपत्राहून मोठी ठरेल.

तपोवनाच्या वाट्याला मानपत्रेही आली. १९५९ साली दाजीसाहेबांना पद्मश्री मिळाली. नागपूर-वर्ध्याकडून येणारे पाहुणे वाट वाकडी करून तपोवन पाहून जाऊ लागले आणि अमरावतीकर आपल्या गावाची ओळख करून देताना अंबादेवी, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि तपोवन ही तीन नावे एका दमात घेऊ लागले. हा अभिमान खोटा नव्हता, पण तो पुरताही नव्हता. पाहुण्याला तपोवन दाखवणे वेगळे आणि तपोवनात वाढलेल्या मुलीला सून करून घेणे वेगळे. पहिली गोष्ट लवकर जमली. दुसरीसाठी पिढी जावी लागली, आणि अजूनही ती सहज होते असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

लग्नाचा विषय निघाला म्हणून सांगतो. जुन्या आश्रमांमध्ये स्त्रिया आणि पुरुष वेगळे ठेवत, मधे भिंत घालत, कारण रोग वंशाने उतरतो अशी भीती होती. ती चुकीची आहे. हा रोग जंतूने होतो, आईबापांकडून रक्तातून येत नाही, आणि शंभरातल्या पंचाण्णव माणसांच्या अंगात त्याला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. हॅन्सेनने नॉर्वेत हा जंतू १८७३ मध्ये दाखवला होता. तरी ही साधी गोष्ट आपल्या घराघरांत पोचायला शंभर वर्षे कमी पडली. घर सुटलेल्या माणसाला नुसते छप्पर देऊन भागत नाही, त्याला सोबत लागते. दोन ठिकाणांहून हाकललेली दोन माणसे एकत्र आली की संसार होतो. अशा संसारांत जात विचारायला कोणी उरलेले नसते. एकाच्या हाताला बोटे नाहीत आणि दुसऱ्याच्या पायाला, तेव्हा भाकरी थापणारा आणि पाणी आणणारा एवढीच वाटणी उरते. आंतरजातीय विवाहाच्या चळवळीने व्यासपीठावरून जे सांगितले ते कुष्ठवसाहतींनी गाजावाजा न करता कधीच करून टाकले होते. त्याचे श्रेय त्यांना कोणी दिले नाही.

मग मुले आली, आणि मुलांबरोबर संस्थेपुढे अगदी नवे प्रश्न आले. मुले निरोगी, पण पत्ता तपोवनाचा. शाळा, वसतिगृह, पुढे नोकरीचा अर्ज, भाड्याची खोली, सोयरीक, प्रत्येक ठिकाणी तो पत्ता आडवा येई. म्हणून शिक्षणाची सोय तपोवनातच उभी करावी लागली. याला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सगळे आतच मिळू लागले की बाहेर जायची धडपड कमी होते, आणि ज्या समाजाने हाकलले त्या समाजावरचा दबावही कमी होतो. वस्ती जितकी चांगली, तितकी गावे निर्धास्त. आमच्याकडचा रोगी तिकडे सुखात आहे म्हटले की झाले. कुष्ठकार्यातल्या जाणत्यांनी हा धोका पूर्वीच ओळखला होता. १९५१ मध्ये वर्ध्यात सुरू झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने म्हणूनच वेगळी वाट धरली. गावोगाव फिरून रुग्ण शोधायचे, लोकांना समजावायचे आणि रुग्णाला त्याच्या घरीच ठेवून औषध द्यायचे. दत्तपूर, तपोवन, वरोऱ्याचे आनंदवन ही एक धारा आणि ही दुसरी. दोन्ही विदर्भातल्या, दोन्ही गांधींचे नाव घेणाऱ्या. आज मागे वळून पाहताना दुसरी धारा दूरदृष्टीची होती हे मान्य करावे लागते. पण १९४६ च्या पावसाळ्यात झाडाखाली बसलेल्या माणसाला दूरदृष्टीचा उपयोग नव्हता, त्याला छप्पर हवे होते.

ऐंशीच्या दशकात सगळे चित्रच पालटले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१-८२ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि जुने डॅप्सोन यांची ही मिळवणी रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा दोन वर्षे, आणि पुढे दोन वर्षांऐवजी वर्षभरच, घेतली की रोग बरा होऊ लागला. आपल्या शेजारचा वर्धा जिल्हा ही पद्धत राबवणाऱ्या देशातल्या पहिल्या जिल्ह्यांपैकी होता. पहिल्याच मात्रेनंतर रुग्ण दुसऱ्याला रोग देऊ शकत नाही, हे कळल्यावर त्याला घरातून काढण्याचे शास्त्रीय कारणच संपले. तपोवनाकडे येणारा लोंढा हळूहळू आटू लागला तो या औषधामुळे. ७ मे १९८६ रोजी दाजीसाहेब गेले. त्र्याण्णव वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कडूकवठाच्या तेलापासून या नव्या औषधापर्यंतचा सगळा पल्ला पाहिला.

त्याच सुमारास शहरही तपोवनापर्यंत चालत आले. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचा परिसर तपोवनाच्या शेजारीच वसला. ज्या माळावर कोणी फिरकू नये म्हणून रोग्यांना जागा मिळाली, तो माळ आता पदवीच्या परीक्षा, बसगाड्या आणि भाड्याच्या खोल्यांनी गजबजला.  विद्यार्थ्यांच्या एका पिढीने तपोवन हे नाव बसथांब्याचे म्हणूनच ऐकले. हे वाईट आहे असे मला वाटत नाही. भीती मेली की कुतूहलही मरते, तसेच हे.

कायदा सगळ्यात मागून आला. जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या विवाहकायद्यांत होते. ते २०१९ मध्ये वगळले गेले. म्हणजे औषध येऊन जवळपास चाळीस वर्षे झाल्यावर! अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींचा समावेश आहे, ही दुसरी चांगली गोष्ट. पण ज्यांची लग्ने मोडली आणि ज्यांची वावरे गेली ती माणसे तोवर म्हातारी झाली होती किंवा हयातच नव्हती.

आज संस्थेपुढे जे काम आहे ते उभारणीच्या काळाइतके देखणे नाही. जुन्या पिढीतली उरलेली माणसे आता वयाने थकली आहेत. नजर गेली की बधिर हातापायांची राखण करणारे कोणी उरत नाही, म्हणून त्यांची शुश्रूषा वाढत्या वयाबरोबर अवघड होते. देणगीदारांना नवी इमारत बांधून द्यायला आवडते. रोजच्या मलमपट्टीच्या कापसाला आणि चपलांना पैसे द्यायला कमी लोक पुढे येतात. संस्थेच्या हितचिंतकांनी यापुढे दगडावर नाव कोरण्याऐवजी हा खर्च उचलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरे म्हणजे, पहिल्या पिढीच्या हकिकती कोणीतरी टिपून घेतल्या पाहिजेत. कोण कुठल्या गावाहून, कसे चालत आले, कोणाबरोबर संसार केला, मुले कुठे गेली. फाळणीच्या आठवणी नोंदवायला देशात संग्रहालये झाली. शिवेबाहेर काढलेल्यांच्या आठवणी विद्यापीठाच्या कुंपणाला लागून आहेत. तिथल्या मराठीच्या, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी फार लांब जायचे नाही.

आणि एक, या स्मरणिकेच्या सर्व वाचकांसाठी. २००५ च्या अखेरीस देशात कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले आणि निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. त्यामुळे रोग गेला असा समज पसरला. तो गेलेला नाही. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात, वर्षाला लाखाच्या आसपास, आणि त्यात लहान मुलेही असतात. जंतू अंगात शिरल्यापासून चट्टा दिसायला सरासरी पाच वर्षे आणि कधी वीसही लागतात, म्हणून तो कुठून आला हे शोधत बसू नये. अंगावर फिकट किंवा लालसर, न खाजणारा, टोचले तरी न कळणारा चट्टा दिसला, हातापायाला मुंग्या येऊन बधिरपणा वाटला, तर आशाताईंना दाखवावे किंवा सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे, सहा महिने ते वर्षभर घ्यायचे आहे, आणि वेळेवर घेतले तर बोट वाकडे होत नाही. त्यासाठी ताट वेगळे करावे लागत नाही, कामधंदा सोडावा लागत नाही आणि घर तर नाहीच नाही.